पैशाला तोटा नाही असे समजा

मिस्त्री माणसाचा चेहरा नंतर पाहत. आधी हात पाहत. दुकानाच्या पायरीवर कोणी नवा माणूस आला की ते चष्मा कपाळावर सरकवत, त्याच्या उजव्या पंजाकडे टक लावून बघत, आणि जुनी ओळख पटल्यासारखी मान हलवून म्हणत, “बसा.” नाव काय, गाव कोणते, चहा घेणार का, हे सगळे त्यानंतर. पुष्कळांना हे चमत्कारिक वाटे. शेणवे गावचे एक म्हातारे शेतकरी तर पहिल्या भेटीत दोन्ही हात पाठीमागे नेऊन म्हणाले होते, “आमी हात दाखवाया नाय आलो बाबा, बंदूक दाखवाया आलोय.”

शहापूरच्या बाजारपेठेत पिठाची गिरणी आणि कापडाचे दुकान यांच्यामध्ये जी काही जागा उरली होती, तेवढ्यात मिस्त्रींचे दुकान होते. आत दोन माणसे बसली की तिसऱ्याने पायरी धरायची. पोलिसांच्या शस्त्र कार्यशाळेत उभी हयात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मूळचे मुरबाडकडचे, सासुरवाडी शहापूरची म्हणून इकडे स्थायिक झालेले. शस्त्रदुरुस्तीचा रीतसर परवाना काचेच्या चौकटीत देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेला असे. प्रत्यक्षात त्यांच्यासमोर पडलेले असायचे ते शिवणयंत्रांचे सुटे भाग, न उघडणारी कुलुपे आणि स्टोव्हचे पंप. बंदुका वर्षाकाठी मोजक्याच येत, त्याही रानडुकरांच्या भयाने शेतकऱ्यांनी आजोबांच्या काळापासून सांभाळलेल्या ठासणीच्या. त्या दुकानाचे खरे वैभव म्हणजे शिवण उसवलेले, पिवळे पडलेले एक जुने सूचिपत्र. देशोदेशीच्या रिव्हॉल्व्हरांची रेखीव चित्रे त्यात होती: लांब नळीची, आखूड नळीची, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेली, शिंपल्याची मूठ असलेली. मिस्त्री ते पोथीसारखे फडक्यात बांधून ठेवत आणि पान उलटण्यापूर्वी बोटे धोतराला पुसत.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर ते फडके सुटे. पायरीवर जो कोणी टेकलेला असेल त्याला मिस्त्री विचारत, “समजा, पैशाला तोटा नाय. कुठलं घेशील?”

हा प्रश्न ते थट्टेने विचारत नसत. समोरचा माणूस सायकलच्या पंक्चरवाला असो वा तालुक्याच्या कचेरीतला अव्वल कारकून, सूचिपत्र त्याच्या मांडीवर ठेवून ते त्याला पुरेसा वेळ देत. समोरच्या केशकर्तनालयातील बाळूने सर्वांत लांब नळीचे, हस्तिदंती मुठीचे निवडले होते. “मारायचं कुनाला?” असे मिस्त्रींनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मारायचं कशाला? आरशापुढं ठेवीन. गिऱ्हाईक मान हलवनार नाय.” आटगावहून भाजी घेऊन येणाऱ्या शेवंताबाईंनी पाने उलटून उलटून शेवटी विचारले, “यानं डुक्कर मरंल का रे भाऊ?” मिस्त्री म्हणाले, रिव्हॉल्व्हरने डुक्कर मरणे कठीण. “मग त्याचं काय लोणचं घालू?” म्हणत बाईंनी सूचिपत्र मिटले. मिस्त्री हसले, पण बाईंचा हात हाती घेऊन पाहिल्याशिवाय त्यांना जाऊ दिले नाही. “तुमाला आखूड नळीचं, बावीस बोअरचं,” ते अगदी मनापासून म्हणाले. “पदरात बांधलं तरी कळायचं नाय.”

या खेळामागे काय आहे, याचे मला फार कुतूहल होते. मी तेव्हा शहापूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत असे, तिशीच्या उंबरठ्यावर होतो, आणि माणसे निवडीवरून ओळखता येतात असा माझा समज होता. मी तसे एकदा बोलूनही दाखवले. मिस्त्रींनी मान हलवली. “मानूस कळत नाय मास्तर. कळत नाय म्हनून तर इचारायचं.”

निवड झाली की मिस्त्री त्या माणसाचा पंजा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर उपडा ठेवत आणि शिसपेन्सिलीने त्याची कड रेखत, चपला बेतणारे पावलाचे माप काढतात तशी. मग अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजत. रिव्हॉल्व्हर बसते ते या अंतरात, असे त्यांचे म्हणणे. चापापर्यंत बोट ताणावे लागले तर नेम जातो. बोट वळून पुढे गेले तर हात थरथरतो. कागदाच्या कोपऱ्यात ते नाव, गाव आणि योग्य रिव्हॉल्व्हरचा प्रकार लिहून ठेवत. ज्यांच्याकडे एसटीच्या तिकिटाचे पैसे जेमतेम असत, अशा कितीतरी माणसांच्या स्वप्नातल्या शस्त्रांची मापे त्या दुकानात एका तारेला अडकवलेली होती.

लहूचा पंजा मात्र त्यात नव्हता. लहू आमच्याच गावचा. गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि लहू गावाच्या कडेच्या वाडीतला. भातलावणीला तो आमच्या शेतावर येई, पावसात खेकडे आणि थंडीत रानातले कंद बाजारात विकी. मिस्त्रींनी त्यालाही तोच प्रश्न विचारला होता. लहूने घाई केली नाही. दोन बाजार तो विचार करत राहिला आणि तिसऱ्या बाजारी पायरीवर उकिडवा बसून म्हणाला, “मिस्त्रीबाबा, मना नको. आमच्या घराला दार नाय. ठेवू कुठं?”

मिस्त्रींनी हे उत्तर मला पुढे अनेकदा सांगितले. “शंभर जनांना इचारलं असंल,” ते म्हणत, “ठेवायचं कुठं, हे एकट्यालाच सुचलं.”

त्यांनी स्वतःसाठी कोणते निवडले, हे विचारण्याचा धीर मी बऱ्याच दिवसांनी केला. कार्यशाळेत असताना जप्त केलेली शस्त्रे कापून मोडीत काढण्याचे काम वर्षातून एकदा त्यांच्याकडे येई. एकदा त्या ढिगात एक जुने इंग्रजी रिव्हॉल्व्हर आले. “चक्र फिरवलं की घड्याळासारखा आवाज. मूठ अशी, की हात आनि लाकूड कुठं वेगळं होतं ते कळू नये. माझ्याच हातासाठी केल्यावानी.” मी विचारले, मग? “मग काय? यादीत व्हतं. लोखंडी शेगड्यात आवळून धरलं आनि कापलं.” त्यांनी कोणाला दोष दिला नाही की उसासा टाकला नाही. फक्त एवढेच म्हणाले, “दागिना हरवला तर आपला जातो मास्तर. हे हरवलं तर दुसऱ्याचा कुनीतरी जातो. त्यापेक्षा कापलेलं बरं.”

नव्वदचे दशक संपत आले, तसा तो प्रश्न खऱ्या पैशांसह त्यांच्या पायरीवर येऊ लागला. आमच्या बाजूच्या जमिनींना मुंबईचे ग्राहक मिळू लागले होते. ज्यांच्या घरी कालपर्यंत सायकल होती त्यांच्याकडे जीप आल्या, आणि लग्नाच्या मांडवात सफारीच्या आतून चामड्याचे म्यान दिसेल अशा बेताने लोक बसू लागले. “सगळ्यात महागाचं दाखवा,” असे म्हणत ते दुकानात येत. मिस्त्रींकडे विकायला काही नसे; ते फक्त सल्ला देत. “महागाचं दाखवतो. आधी हात दाखवा,” असे ते म्हणत. एका तरुण जमीनदाराचा पंजा रेखून त्यांनी त्याला तोंडावर सांगितले, “तुमाला शिट्टी पुरंल.” तो रागावून गेला आणि ठाण्याहून हवे तसे अवजड रिव्हॉल्व्हर घेऊन आला. पुढे ते त्याच्या कपाटातच राहिले, असे ऐकले.

मग आमचीही रस्त्याकडेची जमीन विकली गेली. वडिलांनी वाटण्या केल्या आणि मला म्हणाले, “तुझ्या हिश्शातलं घर दुरुस्त कर, पोरांच्या नावानं ठेव, आणि उरंल त्यात तुला हवं ते घे. मी इचारनार नाय.” उरले ते माझ्यासारख्या शिक्षकाच्या कल्पनेबाहेरचे होते. मी काय घेणार हे मला त्याच क्षणी ठाऊक होते. भीती होती म्हणून घेतले, असे मी पुढे अनेकांना सांगितले. ते खरे नव्हते. मला कोणी घाबरत नव्हते, याचे मला वाईट वाटत होते. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे.

मी मिस्त्रींपुढे उजवा हात ठेवला, तेव्हा ते लहान मुलासारखे खुलले. कल्पनेतला प्रश्न घेऊन बसणारे शेकडो भेटले होते. तो कळणारा आणि निवड खरी करू शकणारा पहिलाच मनुष्य समोर बसला होता. “लांब बोटं,” ते पुटपुटले. “खडू धरनारा हात. ओरखडा नाय कुठं.” त्यानंतर चार महिने आम्ही दोघे निवड करत होतो. सरकारी कारखान्यातले नवे बत्तीस बोअरचे, की परदेशी? परदेशाहून आणणे बंद होते, तेव्हा कोणाकडून तरी जुनेच घ्यावे लागणार. आखूड नळी, की मध्यम? मी शाळेतून थेट दुकानात जाई. घोड्याची कमान किती जड असावी, यावर मिस्त्री तासभर बोलत आणि मी ऐकत राही. माझ्या बायकोला वाटे, मी मुलांच्या शिकवण्या घेतो.

अखेर नाशिकला एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे एक बेल्जियन रिव्हॉल्व्हर विकायचे आहे, असे कळले. रविवारी आम्ही एसटीने कसारा घाट चढून गेलो. मिस्त्रींनी ठेवणीतला कोट घातला होता. त्या गृहस्थांनी हिरव्या बनातीवर ते ठेवले. मिस्त्रींनी चक्र उघडून ते रिकामे असल्याची खात्री केली, पुन्हा केली, मला करायला लावली. मग डोळे मिटून, शस्त्र कानाशी धरून त्यांनी ते चक्र सावकाश फिरवले. “ऐका,” ते मला म्हणाले. मला फक्त बारीक टकटक ऐकू आली. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरले ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेले नाही. ते माझ्या हातात दिले गेले, आणि माझी तर्जनी जिथे पोहोचायची तिथे बरोबर पोहोचली. “हे तुमचं,” मिस्त्री म्हणाले. “परवाना काढा.”

परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो: शस्त्राची आवश्यकता. तिथे काय लिहावे, हे मला सुचेना. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक गृहस्थ होता. तो म्हणाला, “जीवितास धोका, एवढंच लिहू नका सर. सगळेच लिहितात. नाव टाका. नाव असलं की धोका खरा वाटतो.”

मी लहूचे नाव टाकले.

हे मी इतक्या सरळपणे लिहू शकतो, त्याला वीस वर्षे लागली आहेत. आमच्या विकलेल्या जमिनीतून वाडीची पाण्याला जायची वाट होती. नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले, तेव्हा लहू आमच्या अंगणात येऊन मोठ्याने बोलला होता, “वाट बंद केली, आमी जायाचं कुठून? पानी काय उडत येनार?” बस्स. एवढेच. माझ्या अर्जात त्याचे झाले, “सदर इसमाने आपल्या साथीदारांसह घरी येऊन, जमीन विक्रीच्या रागातून, परिणाम भोगावे लागतील अशी धमकी दिली.” वाक्य चांगले झाले आहे, असे मला लिहिताना वाटले होते. साथीदार म्हणजे त्याची बायको होती, आणि ती कळशी घेऊन रस्त्यावर उभी होती.

काही महिन्यांनी निवडणुका आल्या. निवडणुकीच्या काळात शेतकऱ्यांना परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या नीट तेल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवायला दर वेळी मिस्त्रींना बोलावत. त्या दिवशी ते ठाण्यात गेले तर बाहेरच्या बाकाजवळ, जमिनीवर, लहू बसलेला. मिस्त्रींनी विचारले, इथे कसा?

“बोलवलं म्हून आलो,” लहू म्हणाला. “चौथी खेप हाय. मास्तरांच्या कागदात माझं नाव हाय म्हनं. कामावं जाता येत नाय बाबा. मी काय केलं, ते तुमी तरी इचारा.”

मिस्त्री त्याच पावली माझ्या शाळेत आले. त्यांच्या बोटांना बंदुकांचे तेल तसेच होते. मधली सुटी होती. मला वाटले, नाशिकहून निरोप आला. ते व्हरांड्यात उभे राहिले आणि माझ्या हाताकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहू लागले. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

“लहूनं धमकी दिली?”

मी म्हणालो, अर्ज लिहिण्याची ती एक पद्धत असते.

त्यांनी तेलाची बोटे धोतराला पुसली. मग अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू जाईल असे म्हणाले, “मास्तर, हत्यार अजून नाशकात हाय. आनि तुमी इथं मानूस पाडला.”

ते निघून गेले. मी ताबडतोब ठाण्यात धावलो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी तीन आठवडे घालवले. खोटे लिहून दिले असे कबूल केले तर नोकरीचे काय होईल, मुख्याध्यापक काय म्हणतील, गाव काय म्हणेल. त्या तीन आठवड्यांत लहूला आणखी दोनदा बोलावले गेले. वीटभट्टीवर जायची त्याची आगाऊ उचल ठरली होती. मुकादमाने पोलिसांच्या भानगडीतला माणूस नको म्हणून त्याच्या कुटुंबाला वगळले. हे मला शेवंताबाईंकडून कळले, आणि सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

शेवटी मी अर्ज मागे घेण्याचे पत्र लिहिले आणि मिस्त्रींना दाखवायला नेले. त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला सांगितले. “गैरसमजुतीने सदर इसमाचे नाव नमूद झाले असून,” इथवर आलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“गैरसमज कुनाचा?”

मी खोडले. “अनवधानाने” असे घातले.

“म्हंजे झोपेत लिवलं?”

गिरणीच्या आवाजात, त्या फटीएवढ्या दुकानात, मराठी शिकवणाऱ्या मला त्यांनी पाच वेळा ते वाक्य लिहायला लावले. ते रागावले नव्हते. खरे सांगायचे तर, पत्र कुठे अडते आहे हे शोधण्यात ते गढून गेले होते, अडलेल्या कुलपात जसे गढून जात तसे. पाचव्या वेळी वाक्य असे झाले: “लहूने मला धमकी दिली नाही. मी खोटे लिहिले.” ते म्हणाले, “आता बसलं.” मग तारेवरून माझ्या हाताचा कागद काढून त्यांनी मला परत दिला. “चूक माझीबी हाय. मी हात बघत बसलो.”

ठाण्यातल्या साहेबांनी पत्र वाचले आणि ते हसले. “सर, परवाना नको तर नको म्हणा. एवढं कशाला?” माझ्यावर काही कारवाई झाली नाही. नोकरीला धक्का लागला नाही. ज्या शिक्षेच्या भीतीने मी तीन आठवडे गप्प राहिलो, ती कुणी द्यायलाच तयार नव्हते. पण लहूचे नाव संशयितांच्या एका यादीत चढले होते, आणि यादीतून नाव कसे उतरवतात हे तिथे कोणाला माहीत नव्हते. पुढच्या सणाला बंदोबस्त लागला, तेव्हा हवालदार पुन्हा वाडीवर गेला.

त्यावर मिस्त्रींनी एक रीत घालून दिली. हत्यार एकदा साफ करून भागत नाही, दर मोसमाला उघडावे लागते, असे ते म्हणत. तेच त्यांनी माझ्या कबुलीला लावले. “साहेब बदलला की जायाचं. नव्या साहेबाला नव्यानं सांगायचं.” आणि साहेब दर दीड-दोन वर्षांनी बदलत. बदली झाली की मिस्त्रींचा निरोप येई: “नवे आले.” मी पत्राची प्रत घेऊन जाई. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसत, आणि लहूला ज्या ज्या दिवशी बोलावणे येई त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याच्याशेजारीच बसत. लहूला ते आधी जमिनीवरून उठवून बाकावर घेत, मग स्वतः टेकत. एका साहेबांनी मला मनाच्या डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला. एकांनी पत्र न वाचताच चहा पाजला. चौथ्या आल्या त्या एक फौजदार बाई. त्यांनी पत्र दोनदा वाचले, मला “लाज वाटली पाहिजे तुम्हाला,” असे म्हटले, आणि यादी मागवून लहूच्या नावावर रेघ मारून खाली सही केली. मला इतके हलके कधी वाटले नव्हते. बाहेर येऊन सांगितले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “बाई बदलून गेल्या की बघू.”

या सगळ्यात एक गोष्ट कायमची बंद पडली. पायरीवर माणसे तशीच बसत, पण सूचिपत्राचे फडके मिस्त्रींनी पुन्हा सोडले नाही. बाळू एकदा म्हणाला, “मिस्त्री, इचारा की आता. माझी पसंती बदललीय.” मिस्त्रींनी हातातल्या कुलपातून मान वर केली नाही. शेकडो माणसांच्या डोळ्यांत क्षणभर जो उजेड तो प्रश्न लावत असे, तो माझ्यामुळे गेला. मला त्यांनी कधी तसे म्हटले नाही. नाशिकचे रिव्हॉल्व्हर दुसऱ्या कुणी घेतले. त्याचीही त्यांनी एकदाच चौकशी केली: “कुनाच्या हातात गेलं, काय कळलं?” मला माहीत नव्हते.

दोन हजारचे दशक निम्मे सरल्यावर एका पावसाळ्यात ते गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाहीत. मुरबाडच्या त्यांच्या मूळ गावी त्यांना नेले. पायवाटेवर चिखल होता आणि तिरडीच्या पुढच्या बाजूला लहूचा खांदा होता. मी मागे चालत होतो. मला पुढे व्हायचे होते. पण कुणी बोलावले नाही आणि मी सरकलो नाही.

त्यानंतर फौजदार बाईंची बदली झाली. निरोप देणारे कोणी उरले नव्हते, तरी मला कळले आणि मी पत्र घेऊन निघालो. वाटेत वाडीच्या फाट्यावर लहू भेटला. कुंपणाच्या कडेने वाडीच्या माणसांनी लांबचा फेरा घेऊन नवी वाट पाडली होती. तिच्यावरून तो येत होता. कुठे निघालात, असे त्याने विचारले. मी सांगितले. तो थोडा वेळ माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिला.

“मास्तर, आता नका जाऊ.”

“अरे, नवे साहेब आलेत. त्यांना ठाऊक नसणार.”

“म्हून तर सांगतो. नाव खोडलंय. तुमी गेला की ते इचारनार, हा लहू कोन? मंग परत नाव निघनार.” त्याने कागदाकडे बोट दाखवले. “मिस्त्रीबाबा बसायचे तवर ठीक व्हतं. तुमाला बरं वाटतं म्हून तुमी जाता. मना नाय वाटत.”

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या पश्चात्तापाकडे इतकी वर्षे मी बारकाईने पाहत आलो होतो. त्याचे ओझे कुणाच्या पाठीवर आहे, हे मला दिसले नव्हते. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि परत फिरलो. त्यानंतर कितीतरी साहेब बदलले. दर वेळी कळते, दर वेळी पाय उचलतो, आणि मी घरी बसतो. ते जाण्यापेक्षा अवघड आहे.

लहूने मला अडवले त्या वर्षीच्या पावसाळ्यात गावोगाव ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. यादीतल्या माणसांना ठाण्यात बोलावण्याचे दिवस होते, आणि मी बाजारात काही घ्यायचे नसताना फिरत होतो. गिरणीजवळ लहू ओल्या पोत्यावर खेकडे घेऊन बसला होता. तो ठाण्यात नव्हता, बाजारात होता. मी एक वाटा मागितला. त्याने मोठे खेकडे बाजूला सारून बेताचे निवडले, नांग्या मोडून पानात बांधले आणि भाव सांगितला. मी म्हणालो, जरा जास्त नाही का होत?

“मिस्त्रीबाबांना दोन वर घालायचो,” पुडी माझ्या हातात ठेवत लहू म्हणाला. “तुमाला नाय.”

मी सांगितला तो भाव दिला.